जावा : चालू प्रोग्रॅममध्ये क्लास शोधून त्याचा ऑब्जेक्ट बनवणे. रिफ्लेक्शन, सर्व्हिसलोडर की आणखी काही?

अर्धविराम

मंडळी, जावा १७ वरच्या एका ॲप्लिकेशनबद्दल विचारायचं आहे. रिपोर्ट वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढायचे असतात. त्यासाठी 'रिपोर्टरायटर' नावाचा एक इंटरफेस आहे आणि प्रत्येक फॉरमॅटचा वेगळा क्लास तो इम्प्लिमेंट करतो. आता गरज अशी की नवीन फॉरमॅट हवा असेल तर मूळ ॲप पुन्हा बिल्ड करायला लागू नये. 'प्लगिन्स' फोल्डरमध्ये जार (कंपाइल केलेल्या क्लासचा गठ्ठा असलेली फाइल) टाकायची, ॲप रीस्टार्ट करायचं, फॉरमॅट यादीत दिसला पाहिजे.

तीन रस्ते समोर आहेत:
१. प्रॉपर्टीज फाइलमध्ये क्लासचं पूर्ण नाव लिहायचं आणि क्लास.फॉरनेम() ने उचलायचं (रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नावावरून क्लास हाताळणं).
२. ठरावीक पॅकेजमधले सगळे क्लास स्कॅन करून, इंटरफेस इम्प्लिमेंट करणारे निवडायचे.
३. सर्व्हिसलोडर, म्हणजे इंटरफेस इम्प्लिमेंट करणारे नोंदलेले क्लास शोधून देणारी जावातलीच सोय.

सध्याचा कोड दुसऱ्या रस्त्याने जातो. आयडीईमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमधून) चालवलं तर सगळे क्लास सापडतात, जार करून चालवलं की एकही सापडत नाही आणि एररही येत नाही. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण तो सगळ्यात सोपा. तुमचं मत काय?

कृष्णाकाठ

आधी 'का सापडत नाही' ते.

शोधणं आणि ऑब्जेक्ट बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रिफ्लेक्शन फक्त दुसरं करतं. 'या पॅकेजमधले सगळे क्लास दे' असा प्रश्न जेव्हीएमला (जावाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) विचारताच येत नाही. क्लासलोडरला, म्हणजे तिच्यातल्या क्लास आणणाऱ्या भागाला, नाव दिलं की तो तो क्लास आणून देतो, यादी त्याच्याकडे नसते. म्हणून पॅकेज स्कॅन करणारा प्रत्येक कोड शेवटी क्लासपाथवरच्या (क्लास जिथे शोधायचे त्या फोल्डर आणि जारच्या यादीतल्या) फाइली चाळत असतो.

गेटरिसोर्सेस() ला पॅकेजचा पाथ दिला की आयडीईमध्ये 'फाइल:' ने सुरू होणारा यूआरएल मिळतो, कारण तिथे क्लास फाइली साध्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. त्यावर लिस्टफाइल्स() चालतं. जारमध्ये तोच यूआरएल 'जार:फाइल:' असा सुरू होतो आणि मध्ये उद्गारचिन्ह येतं. अशा पाथचा फाइल ऑब्जेक्ट बनवला तर तशी फाइल डिस्कवर नसतेच. लिस्टफाइल्स() नल देतं, कोड नल गिळून पुढे जातो. एरर न येण्याचं कारण तेच.

जारफाइल वापरून एंट्री वाचल्या तरी एक खाच उरते. काही बिल्ड टूल जारमध्ये फोल्डरच्या स्वतंत्र एंट्री लिहीत नाहीत, फक्त फाइलींच्या लिहितात. मग गेटरिसोर्सेस() ला पॅकेजचं नाव दिलं तर ती जार उत्तरातच येत नाही.

स्कॅन करायचंच असेल तर क्लासग्राफ ही लायब्ररी वापरा, हातानं लिहू नका. ते क्लास फाइलमधले बाइट थेट वाचतं, क्लास लोड करत नाही. स्प्रिंग या फ्रेमवर्कचं कंपोनंट स्कॅनही एएसएम ही बाइटकोड वाचणारी लायब्ररी वापरून असंच चालतं. हे महत्त्वाचं आहे, कारण तपासण्यासाठी म्हणून शेकडो क्लास फॉरनेम() ने लोड केले तर त्या सगळ्यांचे स्टॅटिक ब्लॉक (क्लास पहिल्यांदा तयार होताना आपोआप चालणारा कोड) चालतात.

बाइटकोड_बाई

कृष्णाकाठ यांच्याशी सहमत. आता दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे ऑब्जेक्ट बनवण्याबद्दल.

क्लासवर थेट न्यूइन्स्टन्स() मारणं जावा ९ पासून डेप्रिकेटेड (वापरू नये असं जाहीर केलेलं) आहे. कन्स्ट्रक्टरने फेकलेलं चेक्ड एक्सेप्शन (कंपायलर एरवी हाताळायला लावतो ते) ते जसंच्या तसं बाहेर सोडतं, कंपायलरला पत्ता न लागता. त्याऐवजी गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर() घ्यायचा आणि त्याच्यावर न्यूइन्स्टन्स() करायचं. इथे कन्स्ट्रक्टरमधली चूक इन्व्होकेशनटार्गेटएक्सेप्शनमध्ये गुंडाळून येते. या एक्सेप्शनचा गेटमेसेज() नल असतो, म्हणून लॉगमध्ये नुसतं 'नल' छापलं जातं. गेटकॉज() काढा, खरी चूक तिथे आहे.

कोणती एरर कशामुळे, ते पाठ असलेलं बरं:

नोसचमेथडएक्सेप्शन आलं तर हव्या त्या पॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर नाही. इथे टाइप तंतोतंत जुळावा लागतो. कन्स्ट्रक्टर 'लिस्ट' घेत असेल आणि तुम्ही 'ॲरेलिस्ट' विचारलं तर सापडणार नाही. 'इंट' आणि 'इंटिजर' हेही वेगळे. शिवाय गेटकन्स्ट्रक्टर() फक्त पब्लिक पाहतो, डिक्लेअर्डवाला सगळे पाहतो.

इन्स्टॅन्शिएशनएक्सेप्शन म्हणजे क्लास ॲबस्ट्रॅक्ट आहे. नोसचमेथड आणि हे, दोन्हींत घोळ होतो, कारण इंटरफेसला कन्स्ट्रक्टरच नसल्यामुळे तिथे आधी नोसचमेथड येतं.

एक्सेप्शनइनइनिशिअलायझरएरर म्हणजे स्टॅटिक ब्लॉक कोसळला. हे फक्त पहिल्या वेळी येतं. त्यानंतर त्याच क्लासला हात लावला की नोक्लासडेफफाउंडएरर येते, 'कुड नॉट इनिशिअलाइज क्लास' अशा मजकुराची. लोक मग जार शोधत बसतात. जार जागेवरच असते, लॉगमध्ये वर जाऊन पहिली एरर पाहावी लागते.

पुणेरी_पॉइंटर

भर घालतो. क्लासच्या आतला क्लास असेल तर नावात टिंब नव्हे, डॉलर लागतो. आणि आतला क्लास स्टॅटिक नसेल तर त्याच्या कन्स्ट्रक्टरचा पहिला पॅरामीटर बाहेरच्या क्लासचा ऑब्जेक्ट असतो. कोडमध्ये कन्स्ट्रक्टर रिकामा दिसतो, पण विनापॅरामीटर शोधला तर मिळत नाही. बाहेरच्याला सोबत घेतल्याशिवाय आतला हलत नाही :)

मीमांसा

पहिल्या रस्त्याला माझा विरोध आहे, निदान तो ज्या पद्धतीने लिहिला जातो त्या पद्धतीला. नेहमीचा क्रम असा दिसतो: फॉरनेम(), मग न्यूइन्स्टन्स(), मग इंटरफेसमध्ये कास्ट. कास्ट फसला तर 'चुकीचा क्लास' असा मेसेज. पण तोपर्यंत त्या क्लासचा स्टॅटिक ब्लॉकही चालला आणि कन्स्ट्रक्टरही. जे व्हायचं ते होऊन गेलं.

यातून खरी भगदाडं पडली आहेत. पोस्टग्रेस डेटाबेसला जावातून जोडणाऱ्या जेडीबीसी ड्रायव्हरमधलं सीव्हीई-२०२२-२१७२४ घ्या (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीचा नोंद क्रमांक). कनेक्शनच्या प्रॉपर्टीत सॉकेटफॅक्टरी, एसएसएलफॅक्टरी वगैरेंसाठी क्लासचं नाव देता येतं. तो क्लास अपेक्षित इंटरफेसचा आहे का हे न तपासताच ड्रायव्हर त्याचा ऑब्जेक्ट बनवत होता. एक स्ट्रिंग घेणारा कन्स्ट्रक्टर पुरेसा होता. स्प्रिंग क्लासपाथवर असेल तर 'क्लासपाथएक्सएमएलॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट' हा क्लास तसा आहे, आणि त्याला नेटवरच्या एक्सएमएलचा पत्ता दिला की तो ती फाइल आणून तिच्यात लिहिलेले बीन (ऑब्जेक्ट) बनवतो. म्हणजे परक्याचा कोड तुमच्या सर्व्हरवर. दुरुस्ती ४२.२.२५ आणि ४२.३.२ मध्ये आली.

२०२३ मध्ये ॲक्टिव्हएमक्यू या संदेश पोचवणाऱ्या सर्व्हरमध्ये (ब्रोकरमध्ये) जवळपास हेच घडलं, सीव्हीई-२०२३-४६६०४. त्याच्या ओपनवायर या प्रोटोकॉलच्या संदेशात एक्सेप्शनच्या क्लासचं नाव येतं, ब्रोकर त्याचा ऑब्जेक्ट बनवतो, पण तो क्लास थ्रोएबल (सगळ्या एक्सेप्शनचा मूळ टाइप) आहे का हे पाहत नव्हता. हल्ल्यासाठी पुन्हा तोच स्प्रिंगचा क्लास वापरला गेला.

म्हणून क्रम असा ठेवा:
फॉरनेम() चं तीन पॅरामीटरवालं रूप वापरा आणि दुसरा पॅरामीटर फॉल्स द्या. क्लास लोड होतो, स्टॅटिक ब्लॉक चालत नाही. मग त्यावर ॲझसबक्लास() ने 'रिपोर्टरायटर' तपासा, नसेल तर क्लासकास्टएक्सेप्शन इथेच येतं. मग ॲबस्ट्रॅक्ट नाही ना ते पाहा. त्यानंतरच कन्स्ट्रक्टर.

अर्धविराम

@मीमांसा, पटलं, पण आमची प्रॉपर्टीज फाइल सर्व्हरवर असते आणि ती फक्त ॲडमिन बदलतो. ज्याला ती फाइल बदलता येते त्याला जारही बदलता येईल. मग एवढी काळजी कशाला?

मीमांसा

आज ॲडमिनकडे आहे. जेडीबीसी यूआरएलही आधी सर्व्हरवरच्या फाइलीतच असायचा. मग रिपोर्टिंगच्या ॲपमध्ये 'डेटा सोर्स जोडा' अशी स्क्रीन येते आणि तोच यूआरएल वापरणारा टाइप करू लागतो. क्लासचं नाव वाचणारा कोड मात्र जुनाच राहतो.

आणि सुरक्षितता बाजूला ठेवली तरी यात फायदा आहे. नावात टायपो झाला किंवा दुसऱ्याच क्लासचं नाव पडलं तर ॲप सुरू होतानाच 'हा रिपोर्टरायटर नाही' असं स्वच्छ कळतं. वाढतो तो एका ओळीचा कोड.

रानवेडा

तिसऱ्या रस्त्याबद्दल अजून कोणी बोललं नाही, आणि माझ्या मते अर्धविराम यांचं उत्तर तेच आहे. सर्व्हिसलोडर जावा ६ पासून जेडीकेमध्येच आहे. जेडीबीसीचे ड्रायव्हर हल्ली फॉरनेम() न लिहिता उचलले जातात ते याच्याच जोरावर.

प्लगिनच्या जारमध्ये मेटा-इन्फ फोल्डर, त्यात सर्व्हिसेस फोल्डर, त्यात एक टेक्स्ट फाइल. फाइलचं नाव म्हणजे इंटरफेसचं पॅकेजसकट पूर्ण नाव, शेवटी .टीएक्सटी वगैरे काही नाही. आत एका ओळीवर एका क्लासचं पूर्ण नाव. # नंतरचा मजकूर कॉमेंट. क्लासला पब्लिक, विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टर हवा. बस.

नेहमी अडतं ते इथे:

फाइल यूटीएफ-८ मध्येच हवी, पण बीओएमशिवाय (एन्कोडिंग सांगणारी सुरुवातीची अदृश्य खूण). काही एडिटर सुरुवातीला बीओएमचे तीन बाइट टाकतात. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि पहिल्याच ओळीवर 'इललीगल प्रोव्हायडर-क्लास नेम' येतं.

मेव्हन या बिल्ड टूलच्या शेड प्लगिनने सगळ्या जार एकत्र करून मोठी जार बनवत असाल तर एकाच नावाच्या सर्व्हिस फाइली एकमेकींवर पडतात आणि एकच उरते. शेडच्या सेटिंगमध्ये सर्व्हिसेसरिसोर्सट्रान्सफॉर्मर लावला की त्या जोडल्या जातात.

सर्व्हिसकॉन्फिगरेशनएरर ही एक्सेप्शन नाही, एरर आहे. कॅच(एक्सेप्शन) तिला पकडत नाही आणि एका बिघडलेल्या प्लगिनमुळे अख्खं ॲप उठत नाही. फॉरईच लूपऐवजी इटरेटर हातात घ्या, हॅझनेक्स्ट() आणि नेक्स्ट() दोन्ही ट्रायच्या आत ठेवा. एरर आल्यावर इटरेटरला पुन्हा विचारलं तर तो पुढचा प्रोव्हायडर शोधायचा प्रयत्न करतो. सोबत लिंकेजएररही पकडा. जावा २१ साठी कंपाइल केलेली जार १७ वर टाकली तर अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर येते, ती याच कुळातली. क्लास फाइलचा ६१ आकडा म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे २१.

तिसरा_कंस

डॉटनेटवाल्यांसाठी, कारण धागा शोधत इथे येणारे असतील.

टाइप.गेटटाइप() ला नुसतं नाव दिलं तर तो फक्त बोलावणाऱ्या असेंब्लीत (डॉटनेटची डीएलएल किंवा ईएक्सई) आणि मूळ लायब्ररीत पाहतो. न सापडल्यास एक्सेप्शन नाही, नल. असेंब्लीसकट नाव द्यावं लागतं. असेंब्ली.गेटटाइप्स() मध्ये एखाद्याच टाइपचं डिपेंडन्सी डीएलएल नसेल तरी पूर्ण कॉल रिफ्लेक्शनटाइपलोडएक्सेप्शन फेकतो. ते पकडून त्याच्या टाइप्स ॲरेमधले नल नसलेले घ्यायचे आणि लोडरएक्सेप्शन्स लॉग करायचे. आणि ॲपडोमेनच्या असेंब्लींची यादी घेतली तर तिच्यात फक्त आतापर्यंत लोड झालेल्या असतात. रेफरन्स दिला पण अजून वापरली नाही, तर ती यादीत नाही.

तळटीप

पायथॉनमध्येही हाच सापळा. __सबक्लासेस__() ज्या मॉड्यूलचं इम्पोर्ट झालं त्यांतलेच क्लास दाखवतं. फाइल फोल्डरमध्ये आहे म्हणून क्लास अस्तित्वात आला असं होत नाही. फोल्डर चाळून इम्पोर्टलिब या मॉड्यूलने सगळं इम्पोर्ट करण्यापेक्षा एंट्री पॉइंट वापरा. पॅकेजच्या मेटाडेटात नाव नोंदलेलं असतं, इम्पोर्ट फक्त हवा तेव्हा होतो.

कृष्णाकाठ

@तळटीप, म्हणजे सर्व्हिसलोडरचीच कल्पना. कोणत्याही भाषेत टिकाऊ पद्धत तीच निघते: प्लगिनने आपली नोंद स्वतः करावी.

पुणेरी_पॉइंटर

सगळं ठीक, पण रिफ्लेक्शन स्लो असतं त्याचं काय? प्रत्येक रिपोर्टला ऑब्जेक्ट बनवायचा तर फरक पडणार नाही का?

बाइटकोड_बाई

रिपोर्ट लिहायला जो वेळ लागतो त्यापुढे कन्स्ट्रक्टरचा कॉल दिसणारही नाही. महाग असतो तो शोध: नावावरून क्लास आणि क्लासवरून कन्स्ट्रक्टर काढणं. तो एकदा करून कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्ट मॅपमध्ये ठेवा. गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर() दर वेळी नवी कॉपी देतो, त्यामुळे सेटॲक्सेसिबल() एका कॉपीवर केलं म्हणून दुसरीला लागू होत नाही. मॅपमध्ये ठेवण्याचं हेही एक कारण.

जावा १७ पर्यंत पहिले १५ कॉल नेटिव्ह कोडमधून जातात, मग जेव्हीएम त्यासाठी बाइटकोड तयार करतं. म्हणून दहा-बारा वेळा कॉल करून मोजलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. जावा १८ मध्ये हे सगळं मेथड हँडल या मेथड बोलावण्याच्या दुसऱ्या यंत्रणेवर नव्याने उभारलं गेलं (जेईपी ४१६, जावातल्या बदलाचा प्रस्ताव).

रानवेडा

वेगापेक्षा मोठा प्रश्न बिल्डच्या टूलचा आहे. नावावरून उचललेला क्लास कोणीच वापरत नाही असं टूलला वाटतं आणि ते तो काढून टाकतं. अँड्रॉइडवर कोड आटोपशीर करणारं आर८ हे टूल क्लास काढतं किंवा त्याचं नाव बदलतं. हा क्लास ठेव असा कीप नियम लिहिला तरी फुल मोडमध्ये नुसता क्लास ठेवला म्हणून त्याचा रिकामा कन्स्ट्रक्टर राहत नाही, नियमात तो वेगळा लिहावा लागतो. हा मोड अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८.० पासून आपोआप चालू असतो.

ग्रालव्हीएमच्या नेटिव्ह इमेजमध्ये (जेव्हीएमशिवाय थेट चालणारी फाइल) तर बिल्डच्या वेळी जे माहीत नाही ते नाहीच. रिफ्लेक्शनने लागणारे क्लास कॉन्फिगमध्ये सांगावे लागतात. साध्या जेव्हीएमवर ट्रेसिंग एजंट लावून ॲप चालवलं की तो ती यादी लिहून देतो, पण जो रस्ता चालवलाच नाही तो यादीत येत नाही. आणि 'प्लगिन्स' फोल्डरमध्ये मागाहून जार टाकणं हा प्रकार तिथे बसतच नाही.

मीमांसा

अर्धविराम जावा १७ म्हणाले म्हणून एक सांगते. जेडीकेच्या आतल्या प्रायव्हेट गोष्टींवर सेटॲक्सेसिबल(ट्रू) केलं तर आता इनॲक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन येतं. १६ पर्यंत जावा सुरू करताना द्यायचा '--इललीगल-ॲक्सेस' हा पर्याय ही पळवाट होती, १७ मध्ये ती गेली. एखादं पॅकेज खुलं करणारा '--ॲड-ओपन्स' अजून आहे, पण प्लगिनला ते लागत असेल तर प्लगिनचा लेखक चुकीच्या जागी हात घालतोय.

तुमचं ॲप जावाच्या मॉड्यूल पद्धतीवर (कोणतं पॅकेज कोणाला दिसेल ते मॉड्यूल ठरवतं) असेल तर: एक्सपोर्ट्स केलेल्या पॅकेजमधल्या पब्लिक गोष्टी रिफ्लेक्शनला मिळतात, प्रायव्हेटसाठी ओपन्स लागतं. सर्व्हिसलोडरला यातलं काहीच लागत नाही. वापरणाऱ्या मॉड्यूलने 'यूजेस' लिहायचं, देणाऱ्याने 'प्रोव्हाइड्स... विथ'. इम्प्लिमेंटेशनचं पॅकेज बंदच राहतं. मला सर्व्हिसलोडर आवडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

कृष्णाकाठ

मूळ प्रश्नाकडे येऊ. फोल्डरमधल्या जारसाठी रानवेडा यांचं उत्तरच बरोबर, पण क्लासलोडरची मांडणी सांगितल्याशिवाय ते चालणार नाही.

प्रत्येक जारसाठी वेगळा यूआरएलक्लासलोडर बनवा. पॅरेंट म्हणून 'रिपोर्टरायटर' इंटरफेसचा स्वतःचा क्लासलोडर द्या, सिस्टिम क्लासलोडर गृहीत धरू नका. मग सर्व्हिसलोडर.लोड() ला इंटरफेस आणि हा लोडर दोन्ही द्या. एक पॅरामीटरवालं लोड() चालू थ्रेडचा कॉन्टेक्स्ट क्लासलोडर (थ्रेडला चिकटवून ठेवलेला लोडर) घेतं, त्याला तुमचा फोल्डर माहीत नाही.

वेगळे लोडर का? दोन प्लगिनना एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या लागल्या तर एकाच लोडरमध्ये त्या भांडतात, आणि जी जार आधी तिचीच आवृत्ती दोघांना मिळते.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात.

पहिली, इंटरफेसची जार प्लगिनच्या आत भरणं. क्लासची ओळख नाव अधिक लोडर अशी असते. प्लगिनच्या बाजूने इंटरफेसची दुसरी प्रत लोड झाली तर नाव तेच असूनही ते दोन वेगळे टाइप. यूआरएलक्लासलोडर आधी पॅरेंटला विचारतो म्हणून बहुतेक वेळा निभावतं, पण पॅरेंट चुकीचा दिला की फुटतं. प्लगिनच्या मेव्हन फाइलमध्ये त्या डिपेंडन्सीचा स्कोप 'प्रोव्हायडेड' ठेवा.

दुसरी, एकच फॉरमॅट यादीत अनेकदा दिसणं. सर्व्हिस फाइली शोधताना लोडर पॅरेंटच्याही पाहतो. मूळ ॲपमध्ये पीडीएफ आणि सीएसव्ही असतील आणि पाच प्लगिन असतील, तर ते दोन्ही पाचही वेळा येतील. जावा ९ पासून सर्व्हिसलोडरला स्ट्रीम() आहे, तो ऑब्जेक्ट न बनवता प्रोव्हायडर देतो. प्रोव्हायडरच्या टाइप() चा क्लासलोडर या प्लगिनचाच आहे का ते पाहा, असेल तरच गेट() करा.

पुणेरी_पॉइंटर

'एक्सचा एक्समध्ये कास्ट होत नाही' असा जो मेसेज येतो तो या पहिल्या चुकीमुळे, हे पहिल्यांदा नीट कळलं. धन्यवाद कृष्णाकाठ! हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. पहिला रस्ता सोडला, तिसरा पक्का. शेवटची शंका: सर्व्हर विंडोजवर आहे. ॲप चालू असताना जुनी जार काढून नवी ठेवता येईल का?

बाइटकोड_बाई

नाही, लोडरने उघडलेली जार विंडोज पुसू देत नाही. यूआरएलक्लासलोडरला जावा ७ पासून क्लोज() आहे, त्याने फाइल सुटते. पण क्लोज() नंतर आधी लोड झालेले क्लास चालत राहतात आणि अजून न लागलेला एखादा क्लास पहिल्यांदा लागला की नोक्लासडेफफाउंडएरर येते. म्हणून त्या प्लगिनचं चालू काम संपेपर्यंत थांबून मगच क्लोज() करायचं.

मेमरी मोकळी होणं ही आणखी वेगळी गोष्ट. त्या लोडरकडे, त्याच्या कुठल्याही क्लासकडे किंवा ऑब्जेक्टकडे एकही रेफरन्स उरता कामा नये. प्लगिनने सुरू केलेला थ्रेड, थ्रेडलोकलमध्ये ठेवलेली वस्तू, ड्रायव्हरमॅनेजरमध्ये नोंदलेला ड्रायव्हर, यातलं एक जरी राहिलं तरी सगळा लोडर अडकून पडतो. तुम्ही रीस्टार्ट चालेल म्हणालात, तर रीस्टार्टच करा: सर्व्हिस थांबवा, जार बदला, सुरू करा.

एक मात्र आत्ताच कोडमध्ये घाला. प्लगिनचं काम पॅरलल स्ट्रीममधून (एकाच वेळी अनेक थ्रेडवर) होणार असेल तर ते कॉमन पूल या सामायिक थ्रेडसंचावर चालतं, आणि जावा ९ पासून त्याच्या थ्रेडना कॉन्टेक्स्ट क्लासलोडर म्हणून सिस्टिमचा लोडर मिळतो. प्लगिनमधली एखादी लायब्ररी तिथे कॉन्टेक्स्ट लोडरवरून क्लास शोधायला गेली की क्लासनॉटफाउंड. प्लगिन बोलावण्याआधी त्या थ्रेडवर सेटकॉन्टेक्स्टक्लासलोडर() ने प्लगिनचा लोडर ठेवा आणि फायनली ब्लॉकमध्ये जुना परत लावा.